धार लावूनच परत करावे

बोथट कटर परत आणून देणाऱ्याला काय शिक्षा असावी, यावर मी बरीच वर्षं विचार केलेला आहे. बोईसरला आमच्या गाळ्यांच्या रांगेत आडवं मिलिंग मशीन आणखी चारसहा जणांकडे आहे, पण त्यावर फिरून लोखंड कापणारी दातेरी चाकं, म्हणजे कटर, जपणारा वेडा मी एकटाच. प्रत्येक कटर तेलकट कागदात, प्रत्येकाला वेगळा खण, एकाचा दात दुसऱ्याला लागता कामा नये. म्हणून जो तो माझ्याकडेच मागायला यायचा. नेताना धारदार, परत येताना दातांवरून बिनधास्त बोट फिरवावं असं. मी शिव्या दिल्या, अबोला धरला, एकदा तर कटर फेकून मारलं. ते माझ्याच मशीनला लागलं. शेवटी संतापाच्या भरात भिंतीवर रंगानं लिहून टाकलं : नेलेले कटर धार लावूनच परत करावे. खाली दोन रेघा. अक्षर माझं बरं आहे, त्याचाही तोरा होताच.

यंदा मासेमारीची बंदी उठायला आली तेव्हाची गोष्ट. माझी थोरली बहीण, म्हणजे बाय, किनाऱ्यावरच्या दांडी गावाला दिलेली. तिच्या बोटीवर जाळं ओढायचं विंच आहे, त्याचा गिअर ऐन वेळी फुटला. तो मासळीच्या टोपलीत घालून बाय सकाळीच रिक्षानं आली आणि माझ्या स्टुलावर बसली.

"उद्या सगल्या बोटी जातील. आमची एकटी किनाऱ्याला राहिली, तर गावात तोंड दावायला जागा नाय."

"अगं, तयार मिळतो बाजारात."

"भाऊ आसताना बाजारात कशाला जाऊ?"

यावर माझी छाती किती फुगली असेल ते सांगत नाही. "संध्याकाळी घेऊन जा," म्हणालो. फुटक्या गिअरचे दात मोजले. गिअरला दात किती आणि केवढे, त्यावर कटर ठरतं, आणि या गिअरला चालणारं कटर माझ्याकडे एकच. खण उघडला. आत नुसता कागद.

शेजारच्या गाळ्यातले चाचा पंप दुरुस्त करतात, आडवं मशीन त्यांच्याकडेही आहे. गोरखपूरकडचे, वयानं मोठे, माझ्या तोंडाला भिऊन असणारे. कटर त्यांनी नेलं होतं. हाक मारताच ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणलं.

"लीजिए भाईसाब. धार लगाके लाया हूँ. खुद बैठके लगाई."

मी ते दिव्याखाली धरलं आणि माझं डोकं फिरलं. साध्या कटरला दाताच्या पाठीवर धार लावतात. गिअरच्या कटरचं तसं नसतं. त्याच्या दाताला बाक असतो, आणि तोच बाक दाताच्या पाठीवर मागपर्यंत नेलेला असतो. तो फक्त समोरून घासायचा, म्हणजे बाक तसाच राहतो. चाचांनी प्रेमानं, एकूण एक दात, पाठीवरून घासला होता. बाक गेला, सपाटी आली, म्हणजे गिअरचा दात चुकीच्या आकाराचाच कापला जाणार.

"चाचा! ये सामने से घिसते हैं, सामने से! इतनी भी अकल नहीं?"

चाचा भिंतीकडे बघत राहिले. बायनंही तिकडे पाहिलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

"धार कुठून लावायची ता नाय लिवलंस," ती म्हणाली.

"तू गप बस!"

"मी कशाला गप? बोट माजी हाय."

चाचांना विचारलं, बोथट झालं होतं का? "नहीं भाईसाब, एक छोटा पीस काटा था. लेकिन आपका नियम है ना." म्हणजे चांगलं धारदार कटर, केवळ माझ्या पाटीपायी, या माणसानं बसून बिघडवलं होतं. आता ओरडायचं कुणावर? तरी मी ओरडलोच. नशिबावर, कटर विकणाऱ्यावर, त्या आडव्या मशीनवर.

उपाय एकच होता. पाठीवरची सपाटी धारेजवळच होती, मागे बाक शाबूत होता. समोरून घासत घासत तिथपर्यंत पोचायचं. दात निम्मे राहतील, कटर एका दिवसात म्हातारं होईल, पण बाक परत मिळेल. चाचा एकेक दात पुढे आणून धरत होते, मी हलक्या हातानं घासत होतो. जोर दिला की दात तापून निळा पडतो, मग तो मेलाच. प्रत्येक दात सारखा घासायचा, नाहीतर जो उंच राहील तो एकटाच कापतो. संतापलेल्या माणसानं हलक्या हातानं काम करणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. जबडा दुखायला लागला.

कटर मशीनवर चढवलं, नव्या गिअरसाठी लोखंडाची गोल चकती बांधली, चालू केलं. टक्... टक्... टक्. फेऱ्याला एकच दात कापत होता.

"चाचा, एक दाँत छूट गया आपसे!"

"ह्ये लंगडतंय का रं?" बाय.

सगळं उतरवलं. कटरशेजारच्या रिंगेला लोखंडाचा कीस चिकटला होता, त्यामुळे कटर तिरकं बसलं होतं. पुसायचं कुणी विसरलं होतं, ते इथे सांगायची गरज नाही. पुसून बसवल्यावर आवाज एकसारखा झाला आणि गिअरचे दात एकामागून एक उतरायला लागले. चाचांची माफी मागायला हवी होती, पण माझा राग पटकन उतरत नाही, चुकीचा असला तर मुळीच नाही.

दिवेलागणीला गिअर टोपलीत घालून बाय गेली. बोट बाकीच्यांबरोबर निघाली. विंच चाललं.

पहिली मासळी आली तेव्हा बायनं भाच्याबरोबर दोन पिशव्या धाडल्या. एकीत बोंबील, ते मला. दुसरीत चांगली जाडजूड पापलेटं, ती शेजारच्या चाचांना. मी जळफळत बसलो. बहीण माझी, कटर माझं, आणि पापलेट त्यांना?

थोड्या वेळानं चाचा दारात. शुद्ध शाकाहारी माणूस, पिशवी अंगापासून लांब धरलेली, नाक दुसरीकडे वळवलेलं.

"भाईसाब, ये आप ही रखिए." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "जैसी मिली वैसी ही लाया हूँ. धार नहीं लगाई."

मी पिशवी हिसकावून घेतली आणि हसलो नाही. ते गेल्यावर रंगाचा डबा शोधला, पाटीवर बोळा फिरवायला. डबा सुकून दगड झाला होता. कुणीतरी नेऊन झाकण न लावता परत आणून ठेवला होता.