टायराची खांदेमळणी

माझे भाटवे शेषरावजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मालक, एखाद्या वेळी संत्र्याले पाणी द्यायचं विसरतीन, पण गाडी पुसायचं विसरणार नाईत. वरूडात उतरून कोणालेही विचारा, लाल गाडीवाले शेषरावजी कुठं राहतात, तो तुमाले बगिच्याच्या फाटकापर्यंत आणून सोडन, अन् वरून गाडी पाहायले स्वतःही आत येईन. दोनच सीटांची, उघड्या टपाची, जुनी विलायती गाडी. बसायचं म्हटलं का जमिनीवर बसल्यासारखंच बसा लागते. असली गाडी त्या तालुक्यात दुसरी नाई, अन् असला माणूसही नाई.

ती आली कशी तेही ऐका. एका साली मृग बहार असा लागला का झाडाच्या फांद्या टेकू लावून उभ्या कराव्या लागल्या. तवा भाटवे ट्रॅक्टर आणायले नागपूरले गेले. आमची बाई, म्हणजे माझी मोठी बहीण आशाबाई, दारात पूजेचं ताट घेऊन उभी. मी तवा कॉलेजात होतो, अकोल्याहून मुद्दाम ट्रॅक्टर पाहायले आलेलो. दुपारी फाटकातून हा लाल खेळणा आत शिरला. भाटव्याचं म्हणणं, गाडीचा मालक विलायतेले चालला होता, विकायले उभी दिसली, मन बसलं, काय करता. बाईनं ताट तसंच आत नेलं. म्हणे, ह्या गाडीत मी मेली तरी बसणार नाई. आमची बाई बोलली म्हणजे बोलली. चाळीस वर्षं झाली, लग्नाले गेली, दवाखान्यात गेली, मायच्या मातीले आली, सगळीकडं एसटीनं नाईतर माझ्या फुलाच्या दुकानाच्या टेम्पोत. गाडीत नाई.

अन् भाटवे एकटेच फिरत. संध्याकाळी बगिच्याच्या रस्त्यानं, मंग मोर्शी रोडनं, वारा खात. मले खूप राग ये. माणसाची बायको घरी भाकरी थापून राहिली अन् हा बाबा हवा खाऊन राहिला. एकदा तोंडावर बोललोही. ते फक्त हसले.

आता खांदेमळणीचं सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलाच्या खांद्याले लोणी-हळद चोळतात. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असते, म्हणून. अन् मंग बैलाले म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. भाटव्यानं शेवटची बैलजोडी विकली त्या साली पोळा आला, अन् घरात चोळायले खांदाच नाई. रात्रभर त्याइले कसंतरी झालं म्हणे. सकाळी वाटी घेऊन गाडीजवळ गेले. गाडीचं ओझं कोण वाहते? टायर वाहते. म्हणजे टायर हाच तिचा खांदा. लोणी रबराले धरे ना, म्हणून गोडं तेल घेतलं अन् चारी टायर चोळून काढले, आवतनही दिलं. तेव्हापासून दर साली. गाव हसे, पण गावाले सवयही झाली होती. बाई तेवढी म्हणे, "वर्षाकाठी टायराले तेल मिळते. माझे गुडघे इथं कुरकुर करून राहिले, त्याइले कोणी विचारत नाई."

यंदा दिवाळीनंतर बाईले धाप लागू लागली. अमरावतीच्या डॉक्टरनं सांगतलं, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करा, लांबवू नका. बाई ऐकून घरी आली, कांदे चिरायले बसली अन् म्हणे, नाई करायचं. पोरगी दीपमाला पुण्याहून फोनवर रडली. मी अकोल्याहून जाऊन भांडलो. तिचं एकच. म्हणे, कायले पोट फाडा, छाती फाडा? लेकरू आपल्या घरी सुखात आहे, झाडाले पाणी गडी देते, ह्याइले ह्याइची गाडी आहे. कोणाचं काय अडलं आहे माझ्यावाचून?

भाटवे दाराच्या बाहेर उभे होते. त्याइनं ऐकलं. आत आले अन् तिच्यासमोर उभे राहिले. हा माणूस बोलका कधीच नव्हता. बाईनंच त्याइच्याकडं पाहिलं अन् सहज म्हणाली, "मले एकदा कौंडण्यपूरले देवीच्या दर्शनाले न्या. तुमच्या गाडीत. मंग दवाखान्याचं पाहू."

मी खोटं नाई सांगत, भाटवे खुर्चीत बसून गेले.

तुमाले वाटन माणूस खुश झाला असन. नाई जी. त्या दिवसापासून त्याइची झोप गेली. जे टायर त्याइले वीस वर्षं सोन्यासारखे वाटत, ते एकाएकी खटकू लागले. नक्षी पहा, नव्यासारखी. खोली पहा, बोटाचं अर्धं पेर जाते. पण रोज सकाळी जाऊन बूट मारून पाहत, परत येत, परत जात. मले फोन केला, "शेखर, हे टायर बाईचं वजन पेलतीन का रे?" मी म्हटलं, भाऊजी, बाई काय उसाची ट्रॉली आहे का? ते हसले नाईत.

आधी आमी दोघं अमरावतीच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदारानं गाडीचं नाव ऐकताच चांगले रुंद, चकचकीत टायर दाखवले. शर्यतीच्या गाडीले असेच शोभतात म्हणे. भाटव्याच्या डोळ्यात एक क्षण चमक आली, ते मी पाहिलं. पण लावून पाहिले तर वळताना टायर पत्र्याले घासे, अन् स्टिअरिंग असं जड झालं का हात दुखे. काढून ठेवले.

मंग मी म्हटलं, एक चाक काढा अन् माझ्यासोबत अकोल्याले चला. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडं, माझ्या फुलाच्या दुकानाजवळच चंद्रभानचं टायरचं दुकान आहे. टेम्पो, ऑटो, टॅक्सी, सगळं त्याच्याकडं येते. भाटव्यानं चाक गोधडीत गुंडाळलं अन् वरूडपासून अकोल्यापर्यंत मांडीवर धरून बसले. माझ्या टेम्पोत मागं जागा रिकामी होती तरी.

चंद्रभाननं गोधडी उघडली, टायराची बाजू दोन्ही अंगठ्यानं दाबली अन् उजेडाकडं फिरवली. बाजूच्या रबरात केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात काळ्या रानाले पडतात तशा. दाबलं का उघडत, सोडलं का मिटत. वरची नक्षी नवी, आतून सगळं वाळलेलं. त्यानं वास घेतला अन् विचारलं, काकाजी, ह्याले काय लावता? भाटव्यानं सांगतलं. चंद्रभान भला माणूस आहे, तो हसला नाई. एवढंच म्हणाला का तेलानं रबर सडते, अन् वीस वर्षं तर तेल न लावताही टायर राहत नाई. रस्त्यावर तापला असता तर फुटला असता.

भाटव्यानं भेगेवरून अंगठा फिरवला. "म्या तर जीव लावला होता," एवढंच बोलले. मले तेव्हा त्याइची इतकी कीव आली, मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

आता प्रश्न होता कोणते घ्यायचे. असल्या गाडीचे जुन्या नक्षीचे टायर अजूनही बनतात, पण बाहेर देशातून मागवा लागते, अन् दोन-तीन महिने लागतात. तेवढा वेळ डॉक्टर द्यायले तयार नव्हता. चंद्रभाननं माप काढलं, रिंगवर हात फिरवला अन् कोपऱ्यातून एक टायर काढला. साधा, अरुंद, काळा. गावात ज्या लहान गाड्या शाळेची पोरं नेतात, टॅक्सीले चालतात, त्याइले लागते तोच. माप बरोबर बसते म्हणे. गाडी हलकी आहे, तिले अरुंदच पाहिजे, हवा जरा कमी ठेवा. मी मनात म्हटलं, हे भाटव्याले काही पटणार नाई. विलायती गाडीले टॅक्सीचे टायर! गावात लोक वर्षभर टोमणे मारतीन. ज्या माणसानं आरशाचा एक स्क्रू मुंबईहून मागवला, तो हे कसं ऐकन?

भाटव्यानं विचारलं, "पावसात ब्रेक लावला तर सरकन का?" चंद्रभान म्हणाला, इथल्या कोणत्याही टायरापेक्षा कमी. "मंग चारी हेच द्या," भाटवे म्हणाले. रंगरूपाबद्दल एक शब्द नाई.

एक तिथंच बसवला, बाकी तीन टेम्पोत टाकून नेले अन् वरूडात बसवून घेतले. घरी आल्यावर बाईले तेलाची गोष्ट सांगतली. बाई इतकी हसली का तिले परत धाप लागली. म्हणे, "बरं झालं बापा, माझे गुडघे वाचले." भाटव्याइलेही हसू आलं. त्या घरात दोघंही एका वेळी हसताना मी किती वर्षांनी पाहत होतो.

त्यानंतर चार-आठ दिवस माझी परीक्षा होती. बाईच्या जागेवर मले बसवायचं, कारण माझं वजन बाईपेक्षा जास्त, म्हणजे हिशेब पक्का. पाणी टाकून ओल्या केलेल्या रस्त्यावर, खडीवर, उतारावर, अचानक ब्रेक. माझं डोकं दोनदा काचेवर आपटलं. मी शिव्या दिल्या, ते उतरून टायर पाहत. मी म्हटलं, भाऊजी, आधी मले पाहा. पण पार घाबरून गेलेला माणूस कोणाचं ऐकते?

निघायचा दिवस आला. गाडीत उतरून बसायले बाईले दोघांनी धरा लागलं. लुगडं सावरून ती बसली, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. मी मागं टेम्पो घेतला, म्हटलं काही झालं तर हाताशी असावं. मोर्शीपर्यंत भाटव्यानं गाडी अशी चालवली का सायकलवाले पुढं गेले. मागून ट्रकवाले हॉर्न मारत, मले शिव्या देत. मोर्शी सोडून तिवस्याच्या रस्त्याले लागलो अन् एका निंबाखाली गाडी थांबली.

मी म्हटलं, गेला टायर. टेम्पो उभा करून धावत गेलो. भाटवे खाली वाकून एकेका टायरावर तळहात ठेवून पाहत होते. चारी ठीक होते, साधे कोमट. ते उभे राहिले, पण गाडीत बसेनात. बाईच्या बाजूचं दार धरून तसेच उभे.

"टायर बरोबर आहेत ना?" बाईनं विचारलं. "मंग काहून थांबले?"

"माझा हात कापून राहिला," भाटवे म्हणाले.

बाईनं मान वर करून त्याइच्याकडं पाहिलं. "चाळीस वर्षं हीच गाडी चालवली. तवा नाई कापला?"

"तवा बाजूले तू नव्हती."

एक ट्रक गेला, त्याची धूळ आमच्या तिघांच्या अंगावर आली. भाटव्याचे डोळे भरले होते अन् ते पुसतही नव्हते. मी दुसरीकडं पाहिलं.  बाईच्या हनुवटीखालची गाठ सैल झाली होती, ती तिनं परत बांधली.

"मले वाटे, तुमाले एकटंच बरं वाटते," ती म्हणाली.

भाटव्यानं नुसती मान हलवली, नाई म्हणून. 

"बसा आता," बाई म्हणाली. "देवीचं दर्शन घेऊ. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं, डॉक्टरले तुमीच सांगा." अन् भाटवे बसल्यावर तिनं आपला हात त्याइच्या गिअरवरच्या हातावर ठेवला, कापणं थांबेपर्यंत. मंग गाडी निघाली.