राजाच्या पाठीवरून

दर रविवारी विहारात मी मुलांना एक जातककथा सांगते आणि शेवटी फळ्यावर तात्पर्य लिहिते. परवा माकडांच्या राजाची गोष्ट झाली. कळप नदीपार जावा म्हणून त्यानं स्वतःच्या अंगाचा पूल केला. मी ‘त्याग हाच धर्म’ असं लिहिलं, मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

वर्ग सुटल्यावर पाहते तर अंगणात तोच खेळ चाललेला. प्रज्ञा राजा होऊन ओणवी झाली होती आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीवर पाय देऊन पलीकडे जायचं होतं. पहिलीच मुलगी थबकली. विहारातून निघताना नुकत्याच घातलेल्या चपला तिनं परत काढल्या.

“राजाला टोचतील,” ती म्हणाली. मागच्या सगळ्यांनीही काढल्या.

मी इतकी वर्षं राजाबद्दलच बोलत आले. पार होणाऱ्यांनी कसं वागायचं, हे कधी सुचलंच नाही. खरं तर मीही त्यांच्यातलीच. आईनं डोक्यावर विटा वाहिल्या म्हणून माझ्या हातात खडू आला.

आत जाऊन फळा पुसला. यापुढे तात्पर्य मी लिहिणार नाही. गोष्ट संपली की खडू ठेवीन आणि अंगणात जाऊन बघत उभी राहीन.