दलदलपक्षाचे भावोजी

माझे भावोजी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासतात. हे झालं पोटापाण्याचं काम. त्यांचं खरं आयुष्य रविवारी संध्याकाळी एका स्टेशनरीच्या दुकानामागे सुरू होतं. तिथे केस पिकलेले, पोटं सुटलेले बाप्ये समोरासमोर बसून राक्षसांच्या पत्त्यांचा खेळ खेळतात. स्वतःच्या लेकरांचं नाकसुद्धा न पुसणारी ही माणसं प्रत्येक पत्ता प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपतात, त्यावर बोटाचा डाग पडू देत नाहीत.

या राक्षसांचे पक्ष असतात आणि प्रत्येक पक्षाची लढायची तऱ्हा वेगळी. राखपक्षाचे ड्रॅगन सुरुवातीलाच आग ओकतात, पण तेवढी आग सोसली की त्यांच्याकडे नुसता धूर उरतो. हाडपक्षाचे सांगाडे मेले तरी मरत नाहीत, बाद पत्त्यांच्या ढिगातून पुन्हा उठून येतात. पोळेपक्षाचे किडे एकेकटे अगदी बावळट, पण झुंडीने आले की नाकी नऊ आणतात. आणि मग आमच्या भावोजींचा दलदलपक्ष. हे राक्षस हल्ला करतच नाहीत. समोरच्याने मारत राहायचं, यांनी चिखलात बसून राहायचं. तो दमला, त्याचा हात रिकामा झाला, की एकच पत्ता टाकायचा: जळूराजा. तो उरलंसुरलं सगळं शोषून घेतो.

एकदा ताई मला त्यांचा असा एक सामना बघायला घेऊन गेली होती. समोर राखपक्षाचा एक ट्रकचालक होता, चांगला आडदांड. तो पत्ता आपटायचा, ओरडायचा, टेबल हलवायचा. भावोजी आपली पाळी आली की म्हणायचे, "बसतो." पुन्हा पाळी आली की पुन्हा, "बसतो." शेवटी त्या बिचाऱ्याने कंटाळून भलताच पत्ता टाकला आणि हरला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तिथे भावोजींना चिखलसम्राट म्हणतात, आणि ते या नावाने लाजत नाहीत, खुलतात. ताई तेव्हा खूप हसली होती.

पुढे तिचं हसू आटलं, कारण सम्राटांनी राज्य घरापर्यंत वाढवलं. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पक्ष वाटून दिले. दुकानाचे मालक पोळेपक्षात, कारण ते दिवसभर बारीकसारीक हुकूम सोडतात. त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमची आई, हाडपक्षात, कारण ती गाडलेली भांडणं उकरून काढते. यात मात्र त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. मला त्यांनी राखपक्षात टाकलं. ते ऐकून मी भडकले, वाट्टेल ते बोलले आणि दमून गप्प बसले. तर भावोजींनी ताईकडे बघून नुसती मान हलवली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

स्वतः ते घरात पक्के दलदलवाले. नळ गळतोय म्हटलं की "बघू". घरमालक रंग लावून देतो म्हणतोय, कुठला लावायचा? "बघू." मग ताईच धावपळ करायची, नळवाल्याला बोलवायची, रंगही तीच ठरवायची. भावोजींच्या लेखी हा त्यांचा विजय असायचा.

ताई एका हॉटेलच्या धुलाईघरात आहे. चादरी, अभ्रे, टॉवेल, वाफ आणि साबण. अंगावर पडेल ते काम तिने केलं, म्हणून दुसऱ्या गावी नवं धुलाईघर निघालं तेव्हा वरिष्ठांनी तिलाच विचारलं, तिथली प्रमुख होशील का? राहायची सोय तेच करणार होते. शुक्रवारपर्यंत एवढंच कळवायचं होतं की येणार का, आणि येणार तर दोघांचं घर हवं की एकटीची खोली. भावोजींना तिथे काम मिळालं नसतं असं नाही. डोळे काय, सगळ्याच गावांत अधू होतात.

"तुम्ही याल ना?" ताईने विचारलं.

"बघू."

"अहो, मला शुक्रवारी सांगायचंय."

"बघू म्हटलं ना."

तिने समजावून सांगितलं. मग भांडली. मग रडली, आणि ताई सहजासहजी रडत नाही. भावोजी मूग गिळून बसले. मी पाणी घ्यायला आत गेले तर मागोमाग आले आणि हळूच म्हणाले, "थोडी कळ काढ. आता तिची आग संपत आलीय."

"भावोजी, ती माझी बहीण आहे, पत्ता नाही."

"तेच म्हणतोय मी. तुझीच बहीण."

आणि खरंच, ताईने विचारणं थांबवलं. भावोजींना वाटलं, हात रिकामा झाला.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. भावोजी शीळ घालत होते. त्यांनी चक्क स्वतः चहा केला, ताईपुढे कप ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "हे बघ, माझ्या मनात काही नाही. तू नाही म्हणून कळवून टाक. इथे आपलं काय वाईट चाललंय?"

आला जळूराजा, मी मनात म्हटलं.

ताई अभ्र्याची टोकं जुळवत होती. तिने घडी पूर्ण केली. "मी सकाळीच कळवलं. एकटीची खोली मागितली."

"पण तू तर विचारायची थांबलीस!"

"उत्तर मिळालं म्हणून थांबले."

"मी काही बोललोच नाही."

"हो ना."

भावोजी म्हणाले, "पण तुझ्या हातात तर काहीच नव्हतं." अगदी असंच म्हणाले. मला हसू फुटणार होतं, पण ताईचा चेहरा बघितला आणि ते जागीच विरलं.

ताई गेली. भावोजी बसले. वाफेत किती दिवस काढेल, दमून येईल परत, असं खेळातल्या मंडळींना सांगत राहिले. स्वतःहून एक फोन केला नाही, कारण दलदल पुढे सरकत नाही. ताई मला फोन करायची, नव्या यंत्रांबद्दल भरभरून बोलायची. त्यांच्याबद्दल विचारायची नाही.

मग एका रविवारी खेळ सोडून भावोजी माझ्या दारात. दाढी वाढलेली, हातात पिशवी. "चल माझ्याबरोबर. एकट्याने मला बोलता यायचं नाही." मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. पण गेले.

ताईच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक शेगडी. खिडकीबाहेर दोऱ्यांवर चादरीच चादरी. तिने मला पलंगावर बसवलं, त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. भावोजी बोलायला लागले. इथे चष्म्याच्या दुकानात विचारतो म्हणाले. खेळ सोडतो म्हणाले. दोघांचं घर अजून मिळत असेल तर आजच माग म्हणाले. कपाळावरून घाम निथळत होता, पण "बघू" एकदाही आलं नाही. इतकी वर्षं मी त्यांची टिंगल केली, त्या क्षणी मात्र मनापासून वाटलं की ताईने हो म्हणावं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, तिचं चिडणं मला ठाऊक आहे. तिने शेगडी पेटवली, पातेलं चढवलं.

"तू आज राहा गं," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली आणि आल्यागेल्याशी बोलावं तितक्याच गोडीने म्हणाली, "तुम्ही जेवून जा. गाडीला अजून वेळ आहे."