त्याच्या वाट्याची माती

धानाची कापणी आटोपली की आमच्याकडे कबड्डीचे सामने लागतात. दिवाळीनंतर सुरू होतात ते होळीपर्यंत, आज या गावात तर आठवड्याने जंगलापलीकडच्या दुसऱ्या गावात. माझा मुलगा धानोऱ्याकडच्या आमच्या गावाच्या संघातून खेळतो. तेवढे महिने आमचं घर त्याच्या खेळावर चालतं. अंगणातल्या दोरीवर त्याच्या चड्ड्या वाळत असतात, कितीही घासल्या तरी मातीचा रंग न सोडणाऱ्या. चुलीजवळच्या वाटीत टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट होत असतं. बायको रोज म्हणायची, "हा पोरगा घरी येते का पाव्हणा म्हणून येते, तेच समजून नाई राह्यलं."

त्याला खेळ शिकवला माझ्या मोठ्या भावाने. भावाला मूलबाळ नव्हतं आणि वहिनी लवकर गेली. आमचं घर एकच, चूल एकच. मुलगा त्याला मोठेबाबा म्हणायचा. आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाला सगळेच म्हणतात, पण याच्या तोंडून ते 'बाबा'पेक्षा मोठं वाटायचं. खळ्यावरचा धान उचलला की भाऊ तिथेच मैदान करायचा. ढेकळं फोडायची, शेण-पाणी शिंपायचं, वर धानाचा कोंडा पसरायचा. मग रेषेवर उकिडवा बसून ओरडायचा, "पाय पाहा ना गा त्याचा! तोंड काय पाहून राह्यला, सोयरीक करायची आहे का?" आणि पोरं हसून हसून श्वास सोडून द्यायची.

सामन्याला मुलासोबत तोच जायचा. मी कधी गेलो नाही. शेत, ढोरं, कोणीतरी घरी लागतंच, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला कोणी चल म्हटलं नाही आणि मीही येतो म्हटलं नाही. मुलगा जिंकून आला की आधी भावाच्या खाटेजवळ बसायचा. मी दारात उभा राहून ऐकायचो आणि मग ढोरांना पाणी दाखवायला जायचो.

भाऊ कधीकधी, चेष्टेत आणि खरंही, म्हणायचा, "माझी पहिली माती हाच देईन. तुमी लोक मांगं उभे राहा." आमच्यात मयताला पुरतात. खड्ड्यात उतरवल्यावर पहिली मूठ मुलाची, मग भाऊबंदांची, मग गावाची. मूल नसलेल्याची पहिली मूठ कोणाची, यावर माणसं जिवंतपणीच बोलून ठेवतात. भावाने बोलून ठेवलं होतं. मुलानेही मान डोलावली होती. सगळ्या घराला माहीत होतं.

त्या वर्षी भावाची छाती कफाने भरली. धाप लागायची, बसून झोपायचा. मुलचेऱ्याकडच्या एका गावात सामने होते आणि नागपूरच्या एका क्लबचे प्रशिक्षक ते पाहायला येणार होते. भाऊ मला म्हणाला, "या वेळी तू जाय. त्याचा डावा गुडघा बांधून देजो. आन् हरला तं काही बोलू नोको." मी गेलो. मोटारसायकलवर मुलगा मागे बसला होता. एवढा लांबचा रस्ता आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदाच केला.

त्या गावात बंगाली लोकांची वस्ती आहे. बाहेरच्या संघांना गावातली घरं वाटून घेतात, दोघं-तिघं एका घरी. आम्हाला मिळालेल्या घरातल्या बाई मासोळीचा रस्सा वाढता वाढता गप्पा मारायच्या. मुलगा पोटभर जेवायचा. गुडघा मी बांधायचो. पहिल्या दिवशी पट्टी सैल झाली. तो म्हणाला, "मोठेबाबा आधी खालून गुंडाळते." मी सोडून पुन्हा बांधली. आमचा संघ जिंकत गेला.

सामन्याच्या वेळी पोरांचे मोबाईल वडीलधाऱ्याच्या पिशवीत ठेवायची पद्धत आहे. ती पिशवी माझ्याकडे होती. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला.

"अजी, भाऊजीचं काही खरं नाई. पोराले बोलवून राह्यले. निंगा तुमी लगेच."

"दुपारच्या आत सामना होते," मी म्हणालो. "मंग निंगतोच."

"मंग कशाले? आताच निंगा ना."

मी हो म्हणालो आणि निघालो नाही. घरातल्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "घर में सब ठीक है ना, दादा?" मी म्हणालो, "हाँ, सब ठीक." मुलगा शेजारीच बसला होता. त्याने पाहिलं नाही, तो बुटाची नाडी ओढत होता.

संघ मैदानात उतरण्याआधी पुन्हा फोन वाजला. भाऊ गेला होता. बायको रडत नव्हती, घाईघाईत बोलत होती. "लोकं जमून राह्यले. मी सांगितलं का पोरगा येतेपर्यंत हात लावायचा नाई. पण दिवस बुडायच्या आत या, मंग कोणी ऐकणार नाई माझं."

आमच्यात मयताची बातमी कानावर पडली की सुतक लागतं. कानावर पडत नाही तोवर माणूस मोकळा. सुतकातल्या माणसाने कोणाला शिवू नये, आणि कबड्डीत शिवल्याशिवाय काय आहे? मी स्वतःला हेच सांगितलं. कळलं तर तो बाद होईल, एवढ्या वर्षांची मेहनत जाईल, आणि ही मेहनत भावाचीही आहे. मी त्याचा आणि माझा, दोन्ही मोबाईल बंद केले. मग जाऊन त्याचा गुडघा बांधला, आधी खालून. तो म्हणाला, "आज बरोबर झाली."

तो कसा खेळला ते मला नीट आठवत नाही. लोक ओरडत होते. आम्ही जिंकलो. सामन्यापर्यंतचं माझं वागणं कोणाला समजावून सांगता येईल, निदान मी तसं मानून घेतो. त्यानंतरचं सांगता येत नाही. सामना संपला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. तेव्हाच त्याला गाडीवर बसवलं असतं तरी आम्ही पोचलो असतो. पण बक्षीस द्यायला पाहुणे यायचे होते आणि ते आले नव्हते. नागपूरचे प्रशिक्षक मुलाला शोधत आले. मला म्हणाले, "वडील का तुम्ही?" मी हो म्हणालो. त्यांनी हात मिळवला, खुर्ची दिली. मुलाच्या चढाईबद्दल ते बोलत राहिले आणि मी बापासारखा बसून ऐकत राहिलो. ती जागा भावाची होती, हे मला माहीत होतं. तरी उठलो नाही. पाहुणे आले, भाषण झालं, सत्कार झाला. सुतकाचा तिथे काही संबंध उरला नव्हता.

निघाल्यावर मुलगा मागून बोलत होता. बक्षिसाची ढाल त्याने मांडीवर धरली होती. "मोठेबाबाले हे दाखवू ना, तं म्हणतीन, बोनस काऊन नाई घेतला!" मी गाडी जोरात पळवत होतो. रस्त्यात एकदा तो म्हणाला, "बाबा, हळू. जंगलात रोही आडवा येते." मी हळू केली नाही.

गावाच्या अलीकडे नाल्याचा पूल आहे. आम्ही तिथे आलो तेव्हा सूर्य नुकताच झाडांमागे गेला होता आणि नाल्याच्या काठावरून आमच्याच गावचे लोक वर येत होते. सगळ्यांची डोकी ओली होती, धोतरं अंगाला चिकटली होती. पौषातल्या संध्याकाळी असं ओलं होऊन माणसं एकाच ठिकाणाहून येतात. मुलगा बोलायचा थांबला. मी गाडी उभी केली.

"कोण?" त्याने मला विचारलं. मग उत्तराची वाट न पाहता पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, "कोण गेलं गा, आबा?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुले नाई सांगितलं का? लय वाट पाह्यली बापा तुझी. दिवस बुडून राह्यला होता. शेवटी तुझ्या चुलत भावानं दिली माती."

मुलगा उतरला. ढाल त्याने सीटवर ठेवली, ती घसरून रस्त्यावर पडली. तो नाल्याच्या काठाने निघाला. मी मागून गेलो. नवी माती ओलसर होती, वर काटेरी फांद्या टाकलेल्या. त्याने एक फांदी बाजूला केली, मूठभर माती घेतली आणि वरच टाकली. दुसरी घेतली नाही. मग मला विचारलं, "कधी कळलं तुमाले?"

"सकाळी," मी म्हणालो.

तो नाल्यात उतरून अंघोळीला बसला.

नंतर संघाचा कप्तान घरी बसायला आला. तो बौद्ध घरचा. बाहेर निघताना तो मला म्हणाला, "काका, आमच्यात सुतक पाळत नाईत. आन् बाकीच्या पोरांनीही काही म्हटलं नसतं. खेळायचं का जायचं, त्याले ठरवू द्यायचं होतं." मी मान हलवली. त्याने काय ठरवलं असतं ते मला माहीत होतं, म्हणूनच तर मी विचारलं नव्हतं.

मुलाने खेळ सोडला नाही. आता तो नागपूरच्या त्या क्लबकडूनही खेळतो. सामने कुठे आहेत ते आईला सांगतो, आणि मला बायकोकडून कळतं. घरी आला की माझ्याशी धानाबद्दल बोलतो, ढोरांबद्दल बोलतो. गुडघा स्वतःच बांधतो.

गेल्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघं अंगणात होतो. मी बरीच जुळवाजुळव करून म्हणालो, "मले माफ करजो, पोरा. माझी चूक झाली."

तो पट्टी गुंडाळत होता. थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मले काऊन मांगता, बाबा?" तो म्हणाला. "तुमी चूक माझ्यासंगं केली असती तं मी कवाचीच सोडून देली असती. वाट मोठेबाबानं पाह्यली. आता त्याच्या बदल्यात मी कसा हो म्हणू?"

आतून बायकोने जेवायला हाक मारली. तो उठून गेला. मीही थोड्या वेळाने गेलो आणि त्याच्या शेजारी बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो सामन्यांना गेला. कुठे, ते मी विचारलं नाही.