दीड फुटाचा मान

सुधाकर हा माझा पिपलानी वसाहतीतला जुना शेजारी. तिथल्या कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये त्याने चौतीस वर्षं काढली. पोलादाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो सुधाकर करी. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी सोनागिरीत घरं घेतली आणि तो आर्किटेक्ट लोकांसाठी इमारतींची मॉडेलं करू लागला. त्याचं माप चुकलं असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. अभिमान धरावा असं आपल्याकडे तेवढंच आहे, असं तो म्हणे.

आमच्या सोनागिरीतल्या मंडळाने हॉल बांधायचं ठरवलं, तेव्हा आर्किटेक्ट केतकीने तो लॅपटॉपवर गरागरा फिरवून दाखवला. कमिटीतले आम्ही सगळे साठीच्या पुढचे. "वा, छान," असं सगळेच म्हणालो. कळलं कोणालाच नव्हतं. शेवटी अध्यक्ष वसुधाताईंनी धीर केला. "केतकी, आम्हाला बोट लावून बघता येईल असं काहीतरी कर ना."

काम सुधाकरकडे आलं. खालची जमीन, कुंपणाची भिंत आणि झाडं केतकीच्या ऑफिसने करायची, इमारत सुधाकरने. त्याने महिनाभर खपून ती केली. खुर्च्या वेलदोड्याएवढ्या, जिन्याचा कठडा आगपेटीच्या काड्यांचा.

रविवारच्या बैठकीत इमारत जागेवर ठेवली. पुढची बाजू आखलेल्या रेषेला लावली, आणि मागचा जिना करंगळीच्या जाडीएवढा कुंपणाबाहेर गेला.

"सुधाकरराव, जिना शेजारच्या गोडाऊनमध्ये उतरतोय," वसुधाताई म्हणाल्या. "जेवणावळीला गोण्या तिथूनच उचलायच्या का?"

सगळे हसले. केतकी गोरीमोरी झाली. "काका, ड्रॉइंगमध्ये बसतंय हो. तुमचंच काहीतरी..."

"पाव इंचाला एक फूट, याच प्रमाणात केलंय," सुधाकर म्हणाला. "माझं माप चुकत नाही."

वाद मिटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी प्लॉटच मोजायचा ठरला. रजिस्ट्रीतल्या आकड्यावर विसंबून आजवर कोणी टेप धरलाच नव्हता. केतकीने धरला, तर गोडाऊनची भिंत आमच्या हद्दीत दीड फूट आत निघाली. मॉडेलचा जिना बाहेर गेला होता, तोही हिशेबाने दीड फूटच. तासाभरात सगळ्या वस्तीत पसरलं की सुधाकररावांच्या मॉडेलने चोरी पकडली. सत्कार ठरला.

संध्याकाळी सुधाकरचा फोन आला. "ये बे जरा."

टेबलावर त्याने दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. शून्याला शून्य जुळत होतं, पण एक फुटाच्या खुणेला एक पट्टी पाव इंच पुढे गेली होती.

"पोलाद थंड होताना आकसतं," तो म्हणाला. "म्हणून नमुना मोठा ठेवायचा, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच लांब. आठवण म्हणून आणली होती. हात सवयीने तिच्यावरच गेला."

"म्हणजे हॉल थंड झाल्यावर बरोबर बसला असता," मी म्हणालो.

"हसतोस काय बे! चौतीस वर्षांतली पहिली चूक, आणि लोक मला हार घालणार."

"घालू देत की," आतून मंगलावहिनी म्हणाल्या. "बरोबर करत होतात तेव्हा कोणी घातला होता?"

सत्काराला तो दोन्ही पट्ट्या खिशात घालून आला. शाल झाली, नारळ झाला. वसुधाताई म्हणाल्या, जमिनीची चोरी सुधाकररावांच्या हातांना आधी कळली. सुधाकर उठला. त्याने पट्ट्या वर धरल्या.

"ती चूक होती. मी कारखान्याची पट्टी वापरली. दीड फूट योगायोगाने जुळला."

मग वसुधाताई म्हणाल्या, "बघा! एवढं करून माणूस श्रेय घ्यायला तयार नाही!"

शालीला झाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्यावर झाल्या. केतकी तर त्याच्या पाया पडली.

मी मंडळाचा सचिव, इतिवृत्ताची वही माझ्याकडे. निघताना सुधाकरने माझा दंड धरला. "त्यांचं जाऊ दे. वहीत तू तरी झालं तसं लिही."

मी मान डोलावली. घरी वही उघडली. खाली वसुधाताईंची सही लागणार हे आठवलं, आणि लिहिलं: 'श्री. सुधाकरराव यांनी सत्काराला विनयाने उत्तर दिले.'

हॉल आता उभा आहे. मागचा जिना केतकीने वळवून आत घेतला. मॉडेल दाराशी काचेच्या पेटीत असतं आणि सुधाकर नेहमी त्याच्याकडे पाठ करून बसतो. गेल्या महिन्यात त्याने वही मागितली. ते पान काढून वाचलं. चिडेल असं वाटलं होतं, पण चिडला नाही.

"विनयाने," तो म्हणाला आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "तुझीही पट्टी लांबच दिसते."

म्हणून हा कागद लिहून त्या पानाला टाचला आहे. सुधाकरचं माप चुकलं होतं. त्याने ते सर्वांसमोर सांगितलं होतं.