सुमनमावशींची चिठ्ठी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी एकच नाव घेतो, सुमनमावशींचं. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. अमरावतीला त्यांचं जुन्या घड्याळांचं दुकान होतं आणि मी त्यांचा एक गिऱ्हाईक होतो. त्यांना पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास त्यांच्या हातांकडे पाहत राही. बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या आणि दोन्ही मनगटांवर एकेक पुरुषी घड्याळ. रस्त्याने जाणारे विचारत, "मावशी, आज कोणाच्या टाइमावर चालून राहिल्या?" त्या मान वर न करता म्हणत, "तुह्या त नाई बावा, तुह्या वेळेले मी कधीची घरी गेली असन."

ही दोन घड्याळं हौसेची नव्हती. विकायला आलेलं कुठलंही जुनं घड्याळ त्या आधी उघडून साफ करत आणि मग आठ दिवस स्वतःच्या हातावर वागवत. भांडी घासताना तेवढं काढून ठेवत. "टेबलावर सगळेच घड्याळं चालतात," त्या म्हणत. "माणसाच्या हातावर चालते का, थे पाहा लागते." हे काम त्यांना त्यांच्या यजमानांनी शिकवलं होतं. यजमान गेल्यावर लोकांना वाटलं, बाई दुकान विकेल. बाईंनी पंधराव्या दिवशी दुकान उघडलं, डोळ्यात भिंगाची काच बसवली आणि कामाला लागल्या.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. कापसाने चांगल्या-चांगल्या घरांना हात टेकायला लावले होते. कधीकाळी सासऱ्याने जावयाला दिलेली, पेटीत जपलेली स्विस घड्याळं अशा घरांतून बाहेर पडत होती. ती मावशींकडे येत. विकणाऱ्याचं नाव त्या कोणालाही सांगत नसत. घेणाऱ्याला मात्र घड्याळाचं सगळं सांगत, आणि तेही लेखी. वहीच्या अर्ध्या पानावर तीन ओळी असत : मूळचं काय, बदललं काय, दोष काय. खाली त्यांची सही आणि घेणाऱ्याची सही. घेणाऱ्याने ती चिठ्ठी मोठ्याने वाचायची, मगच घड्याळ हातात मिळायचं. "चिठ्ठी नाई त घड्याळ नाई," हा त्यांचा कायदा होता. त्या चिठ्ठीच्या भरवशावर यवतमाळपासून लोक त्यांच्याकडे येत.

मी गेलो तो बहिणीच्या लग्नासाठी. वंदनाचं लग्न अकोल्याला ठरलं होतं. आमच्याकडे मांडवात नवरीचा भाऊ नवरदेवाच्या हातात घड्याळ बांधतो. नवरदेव साधा होता, पण त्याच्या मोठ्या मामांनी निरोप धाडला होता, "घड्याळ फॉरेनचं पायजे, अन् कोऱ्या डब्यातलं." नवं घेण्याची आमची ऐपत नव्हती. मी भातकुलीजवळच्या आमच्या गावातला पहिला पदवीधर. त्यामुळे यातून वाट मीच काढायची, असं घरात ठरलं.

मावशींनी एक स्विस घड्याळ काढून दाखवलं. त्यांच्या डाव्या हातावर त्याचे आठ दिवस झालेले होते. मी म्हणालो, "मावशी, चिठ्ठी नको. नव्यासारखंच तर दिसतं."

"नव्यासारखं दिसते, नवं नाई," त्या म्हणाल्या. "वाच."

मी वाचलं. मूळचं : मशीन, डायल, मागचं झाकण. बदललं : काच, चावी, पट्टा. दोष : दिवसाला अर्धा मिनिट पुढं जाते. मी सही केली आणि सवयीने नावापुढे बी. कॉम. लिहिलं. मावशी हसल्या. "घड्याळाले त काई फरक नाई पडत, पण लिव. कागदाले शोभा येते."

भातकुलीच्या ऑटोत बसण्याआधी मी घड्याळ एका कोऱ्या डब्यात घातलं, ती चिठ्ठी फाडली आणि नाल्यात टाकली. मांडवात मामांनी विचारलं, "कोरं हाय न?" मी म्हणालो, "हो, कोरं." शिकलेल्या माणसाचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला.

तीन महिन्यांनी घड्याळाचा तारखेचा आकडा अडकला. जावयांनी ते अकोल्यात एका दुकानात दाखवलं. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं तर आत सुईने कोरलेल्या तीन खुणा. प्रत्येक कारागीर दुरुस्तीनंतर झाकणाच्या आत आपली खूण कोरतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुकानदाराने एवढंच सांगितलं की घड्याळ आधी तीनदा उघडलेलं आहे. मामांनी त्याचा अर्थ केला, माल डुप्लिकेट आहे. वंदना तेव्हा आषाढातल्या आखाडीच्या सणाला माहेरी आली होती. तिला न्यायला कोणी आलं नाही, मामांचा निरोप आला : घड्याळाचा खुलासा होईस्तोवर पोरगी तिकडेच राहू द्या. वंदनाने भरलेली बॅग दाराजवळ ठेवली होती, ती तिथेच राहिली. आई रोज त्या बॅगेभोवतीने झाडायची, पण ती उचलायची नाही.

मी मावशींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांच्या चिमट्यात एक बारीक स्क्रू होता. तो जागेवर बसेपर्यंत त्या थांबल्या.

"फाडली?"

"हो."

"काहून?"

मावशींनी डोळ्यातली काच काढली, हत्यारं पिशवीत भरली आणि भर कामाच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं. अकोल्याच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग एकदम विचारलं, "पोरीचं नाव काय?"

"वंदना."

"किती शिकली?"

"बारावी. पुढे शिकायचं म्हणते."

त्यावर त्या पुन्हा खिडकीबाहेर पाहत बसल्या.

जावयांच्या घरी मावशींनी चहा घेतला नाही. खिडकीजवळ पाट आणि पांढरं फडकं मागितलं. झाकण उघडलं आणि काच मामांच्या हातात दिली. "पाहा भाऊ. एक डोळा मिटा." मामांना एकच डोळा मिटता येईना. दोन्ही मिटायचे. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मंग हात ठेवा दुसऱ्यावर. इथं लाज नाई." घरातल्या बाया पदराआड हसल्या. मामांनी हात ठेवून पाहिलं.

"ह्या दोन खुणा जुन्या कारागिरांच्या. तिसरी 'सु' माह्यी. मशीन पाहा, डायल पाहा. घड्याळ अस्सल हाय. तारखेचा आकडा मी आता बसवून देते."

"म्हंजे जुनं हाय, हे कबूल?"

"जुनंच हाय. जुनं म्हणूनच इकलं."

"मंग आमाले कोरं काहून सांगतलं?" मामांनी माझ्याकडे बोट केलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. दारात जावई उभे होते, तेही.

मावशींनी पिशवीतून वही काढली. "चिठ्ठी द्याची राहिली माह्यी," त्या म्हणाल्या. "डब्यात होतं, पोरानं कोरं समजलं. त्याले काय माहीत?" आणि त्या लिहायला बसल्या. मूळचं, बदललं, सगळं पहिल्यासारखंच. फक्त दोषाच्या ओळीत एक वाक्य जास्तीचं होतं : इकताना चिठ्ठी देल्ली नाई, चूक माह्यी. खाली सही केली आणि कागद मामांना दिला.

मी तोंड उघडलं नाही. हे मी आज लिहितो आहे, पण त्या दिवशी मी पाटाकडे पाहत उभा होतो.

जावई पुढे आले. त्यांनी विचारलं, "मावशी, हे हातावर चालते ना?"

"आठ दिवस माह्या हातावर चाललं."

त्यांनी घड्याळ बांधलं. चौथ्या दिवशी ते स्वतः येऊन वंदनाला घेऊन गेले.

मामांनी ती चिठ्ठी अकोल्यात जागोजागी दाखवली. ती गोष्ट अमरावतीला पोचायला फार दिवस लागले नाहीत. गिऱ्हाईक म्हणू लागले, "मावशी, चिठ्ठी देता, का विसरता?" मावशी काच डोळ्यात बसवत आणि काम करत. यवतमाळहून येणारे दोघे यायचे थांबले. मला अकोल्यालाच नोकरी लागली. अमरावतीला गेलो की मी दुकानात जाऊन बसायचो. एकदा धीर करून विचारलं, माझं नाव का नाही घेतलं?

"घड्याळाचा दोष लिवला त घड्याळाची किंमत कमी होते," त्या म्हणाल्या. "तुहा दोष लिवला असता त तुह्या बहिणीची झाली असती." मग म्हणाल्या, "तुह्या चिठ्ठीचं तू पाह्य."

मी बरीच वर्षं पाहिलं नाही. वंदना शिकली, अंगणवाडीत लागली. मामा वारले. मावशींच्या डोळ्यांना दिसेनासं झालं आणि त्यांची सून दुकानात बसू लागली. मागच्या महिन्यात मी तिथे उभा असताना एका गिऱ्हाइकाने तिला हसत म्हटलं, "सासूसारखी चिठ्ठी विसरू नको हं!" सून खाली पाहून हसली. ती लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि ती तिला ऐकावी लागत होती. त्याच आठवड्यात मी मावशींना हे पत्र पाठवलं.

*

आदरणीय मावशी,

सविनय जयभीम.

तुम्हाला आता वाचता येत नाही, म्हणून सूनबाईंनी हे मोठ्याने वाचावं. तुमच्याकडे तशीच रीत आहे.

मूळचं : तुमची चिठ्ठी. ती तुम्ही त्याच दिवशी दिली होती. मी ती तुमच्यासमोर वाचली होती आणि तिच्यावर सही केली होती.

बदललं : घड्याळाचा पट्टा, दोनदा. बाकी घड्याळ तेच आहे आणि जावई रोज बांधतात. अजून अर्धा मिनिट पुढे जातं.

दोष : चिठ्ठी मी फाडली. मांडवात खोटं मी बोललो. अकोल्याला तुम्ही माझी चूक आपल्या नावावर लिहिली, तेव्हा मी गप्प राहिलो. तुमच्या दुकानातून एकही घड्याळ चिठ्ठीशिवाय गेलेलं नाही.

काल हे सगळं मी वंदनाला आणि जावयांना वाचून दाखवलं. वंदना उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जावयांनी घड्याळ हातातून काढलं नाही.

हा कागद दुकानाच्या काचेवर, बाहेरून वाचता येईल असा लावावा.

घेणाऱ्याची सही,
संजय