वाघजाळीच्या आडावर चांगुणा

वाघजाळीला कुणी मोठा कार्यकर्ता आला की विचारतो, "इथलं पुढारपण कुणाकडं?" मी सांगतो, चांगुणाकडं. मग तो चांगुणाला बघतो आणि मला वेड्यात काढतो. काढू दे. डोक्यावर टोपी दिसल्याशिवाय ज्यांना माणूस दिसत नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहीतच नाही.

चांगुणा म्हणजे भिमाजीची बायको. उंच, हाडकुळी, मिशेरीनं दात काळे. आवाज असा की नदीत बोलली तर वेशीवर ऐकू जातं. माहेर राहुरीकडचं, कालव्याच्या कडेचं. लग्न होऊन शेवगाव तालुक्याच्या या कोरड्या कोपऱ्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात सासूला म्हणाली, "आत्याबाई, कालव्यात आमी डुंबायचो तवा पानी इचारत नव्हतं, तू कुनाची म्हनून. तुमच्या गावाचंच पानी एवढं शानं कसं?" सासूनं लाटणं फेकून मारलं. कपाळावर खूण अजून आहे. कुणी विचारलं तर पदर मागं सारून दाखवते, वर म्हणते, "हे माझं शिक्षान."

आमच्या वस्तीला आम्ही बौद्धवाडा म्हणतो. गाव अजून महारवाडाच म्हणतं. गावाचा आड मारुतीच्या देवळामागं, दगडी बांधणीचा, खोल. आणि बौद्धवाड्याचं पाणी नदीत. नदी म्हणजे वाळू. वाळूत खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणायचं, आणि पाझरून येणारं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरत बसायचं. बहात्तरच्या दुष्काळात झिराही आटत चालला. बाया पहाटेपासून खड्ड्याभोवती बसायच्या आणि गढूळ अर्धा हंडा घेऊन खडी फोडायच्या कामावर पळायच्या. आडाला तेवढं पाणी होतं. सगळ्या गावाला पुरेल एवढं होतं. फक्त 'सगळं गाव' या शब्दात आम्ही नव्हतो.

मी बाहेरगावचा, पण याच समाजातला. त्या दिवसांत दुष्काळी कामांवर मजुरांच्या सभा घेत हिंडत होतो आणि वाघजाळीत भिमाजीकडं उतरत होतो. त्यामुळं यातलं बरंचसं मी समोर पाहिलंय. उरलेलं चांगुणानं सांगितलं, आणि ती खोटं बोलते तेव्हा आधी सांगून बोलते.

तर पुण्याच्या एका संस्थेतून राधाकृष्णराव नावाचे अभ्यासक गावात आले. दुष्काळात माणसं जातपात कितपत पाळतात, हा त्यांचा विषय. शाळेच्या खोलीत उतरले. आता सरपंच काकासाहेबांची समजूत अशी झाली की हा सरकारचा माणूस. याचा रिपोर्ट चांगला गेला की गावाला पाझर तलाव. राधाकृष्णरावांनी दहादा सांगितलं, मी सरकारचा नाही. काकासाहेब म्हणाले, "आस्सं आस्सं," आणि डोळा मारला. सरकारी माणूस असंच म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी काकासाहेब बौद्धवाड्याच्या कडेला आले. आत नाही आले, लिंबाखाली थांबले.

"भिमाजी, उद्यापास्नं तुमच्या बायांनी आडावर पानी भरायचं."

भिमाजीचा चेहरा असा झाला की त्याला फाशी सुनावलीय की जमीन मिळालीय, कळेना.

"सायेब हाय तंवर बरं का," काकासाहेब म्हणाले. "गावाचं चांगलं दिसलं पायजे. तलाव काय माझ्या एकट्याचा हाय व्हय?"

घरातून चांगुणाचा आवाज आला, "आन् सायेब गेल्यावर?"

"गेल्यावर जसं चालत आलंय तसं."

"म्हंजी आमी तमाशातल्या बाया."

"तसं समज, चांगुने. पर तोंड आवर."

"आवरते. पर मला रडायचं काम देऊ नका, मला जमत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आमच्या बाया आडावर गेल्या. गावातल्या बाया नाकाला पदर लावून बाजूला उभ्या राहिल्या. राधाकृष्णराव आले, त्यांनी फोटो काढला, तशा त्या पदर काढून हसल्या. काकासाहेबांनी आधी दम भरला होता ना! गावानं मनात हिशेब बसवला होता: साहेब गेला की आडात गोमूत्र ओतायचं, झालं शुद्ध. तोवर पाणी सगळेच पीत होते. तहान लागल्यावर शास्त्र कोण उघडून बघतो?

मग राधाकृष्णराव बौद्धवाड्यात प्रश्न विचारायला आले. सोबत काकासाहेब, सावलीसारखे. या वेळी आत आले, खाटेवर बसले, चांगुणाच्या घरचा चहाही प्याले. पिताना तोंड असं केलं होतं जसं एरंडेल घेतायत.

"चांगुणाबाई, तुम्ही लोक या आडावर किती वर्षांपासून पाणी भरता?"

म्हाताऱ्या बायडाबाईनं डोळेच मिटले. भिमाजी बायकोकडं बघून मान हलवत होता, नको, नको.

चांगुणा म्हणाली, "माझ्या सासूच्या सासूपास्नं. आवो, तो आड खंदलाच आमच्या लोकांनी. काय वो काकासाहेब, खरं का न्हाई?"

काकासाहेबांचा चहा बशीतच राहिला. आड आमच्या लोकांनी खणला हे खरंच होतं. खणून झाल्यावर त्यांना वर यायला लावलं आणि पुन्हा कधी काठाला शिवू दिलं नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं. राधाकृष्णराव काकासाहेबांकडं बघत होते.

"व्हय," काकासाहेब म्हणाले. "तसंच हाय."

"मोठ्यानं सांगा, सायबांना लिवायचंय."

"व्हय म्हनलं ना!"

त्या रात्री बौद्धवाडा हसून हसून लोळला. पण भिमाजी जेवला नाही. म्हणाला, "हसा. मानूस गेल्यावर पाठ सोलून निघंल."

आठवडा गेला. राधाकृष्णराव मूर्ख नव्हते. एका सकाळी एकटेच नदीत फिरायला गेले आणि झिरा बघून आले. खड्ड्याच्या कडेला बसून बसून वाळू दगडासारखी घट्ट झालेली, वाट्यांचे ठसे, हंडे ठेवायचे दगड पिढ्यान्पिढ्या घासून खोलगट झालेले. परत आले ते थेट चांगुणाच्या दारात. चिडलेले होते.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"व्हय," चांगुणा भाकरी थापत म्हणाली. "आन् तुमी लिवलंत."

"हे सगळं गाव माझ्यासमोर नाटक करतंय! मी आता हेच लिहिणार. गावानं बनाव केला, तुम्हाला आडावर येऊ देत नाहीत, सगळं."

मला वाटलं, झालं आपलं काम! पुण्याचा शिकलेला माणूस, छापील पुस्तक, वरपर्यंत बोंब. मी उठून त्यांचा हात धरणार, तेवढ्यात चांगुणानं पिठाचा हात माझ्यापुढं आडवा केला.

"तसं लिवायचं न्हाई."

"का?" राधाकृष्णरावांना कळेना.

"तसं लिवलं की काय हुईल? चार शानी मानसं पुण्याला वाचत्याल. म्हनत्याल, अरेरे. आन् इथं काकासाहेब म्हनंल, बघा, ह्या बायांनी गावाचं नाक कापलं. मला तुमचं अरेरे नगं. तुमी जसं लिवलंय तसंच ऱ्हाऊ द्या. एक आड, समदी मानसं भरत्यात."

"पण ते खोटं आहे!"

"आज हाय खोटं. ते खरं करायचं काम माझं, तुमचं न्हाई."

राधाकृष्णराव उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "मी उद्या जाणार होतो. थांबतो. तुम्ही पाणी भरायला जाल तेव्हा मी तिथं असेन. माझ्यासमोर कुणी काही करणार नाही."

"जावा तुमी."

"चांगुणाबाई—"

"आवो सायेब, तुमी असताना काढलेलं पानी काकासाहेबाचं. तुमी गेल्यावर काढंन ते माझं. उद्याची येस्टी चुकवू नका."

माणूस गेला. पुढं त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही आणि चांगुणानं कधी विचारलं नाही.

एस्टीचा धुरळा खाली बसला नव्हता तोच चांगुणा दोर-पोहरा आणि हंडा घेऊन निघाली. मागं बायडाबाई आणि वाड्यातल्या बाया. भिमाजी दारात उभा राहून शिव्या घालत होता. बायकोला की गावाला, त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. मग तोही मागं आला. मी मुठी आवळून पुढं चाललो, तर चांगुणा म्हणाली, "दादा, तुमी त्या पिंपळाखाली बसा. तुमी मदी आलात की भांडन तुमचं हुईल. पेपरात तुमचं नाव येईल."

माझं डोकं फिरलं. पण बसलो. तिच्यापुढं बसावंच लागतं.

आडावर काकासाहेब आणि चार-पाच बाप्ये. गावातल्या बाया रिकामे हंडे घेऊन खोळंबलेल्या. त्यांना सांगितलेलं, आधी शुद्धी, मग पाणी. गोमूत्राची कळशी काठावर तयार.

"चांगुने, माघारी फिर. खेळ संपला."

"कुनाचा?"

"जास्त बोलू नगंस."

"न्हाई बोलत. पानी काढते." तिनं पोहरा आत सोडलासुद्धा. "काकासाहेब, आठवडाभर माझ्या पोहऱ्याखालचं पानी प्यालात. माझ्या घरचा चहा प्यालात. पोटात काय ऱ्हायलंय आता बाटायचं? तिथं वताया लागंल गोमूत्र, आडात वतून काय उपेग?"

गावातल्या बायांमधून कुणीतरी फुस्सकन हसली. त्या हसण्यानं काकासाहेब पेटले. शेजारच्या गड्याच्या हातातला विळा ओढला आणि काठावर ताणलेल्या दोरावर घातला. सुतळीच तुटावी तसा दोर तुटला. खालून पोहरा पडल्याचा आवाज आला, लांबून, खोलातून.

मी पिंपळाखालून उठलोच होतो.

चांगुणानं हातातलं दोराचं टोक बघितलं, फेकून दिलं. मग हंड्यात हात घातला. हंड्यात तिचं दुसरं लुगडं होतं, घडी केलेलं. तिला अंदाज होता! नऊवार लुगडं उलगडलं, एक टोक हंड्याच्या गळ्याला आवळून बांधलं आणि हंडा आत सोडला. दुष्काळात पाणी खाली गेलेलं. लुगडं संपलं, हंडा अधांतरी. काकासाहेब हसले.

"आखूड पडलं व्हय गं?"

बायडाबाई पुढं आली. ही म्हातारी, जिनं त्या दिवशी डोळे मिटले होते. तिनं काखेतलं गाठोडं सोडलं, जुनेर काढलं, चांगुणाच्या लुगड्याला गाठ मारली. दातानं ओढून पक्की केली. दात दोनच होते, पण गाठ बसली. हंडा पाण्याला लागला. डुबुक.

दोघी मिळून ओढायला लागल्या. ओलं लुगडं दगडावर चढत होतं, रंग गळत होता, गाठ काठावर आली तेव्हा अडकली, चांगुणानं शिवी हासडून सोडवली. हंडा वर आला. तिनं ओंजळ भरून तिथंच पाणी प्यायलं, सगळ्यांसमोर, सावकाश.

"आता ह्या आडाचं पानी गावातलं कुनी प्यायचं न्हाई!" काकासाहेब ओरडले.

"मंग पिऊ नका," चांगुणा म्हणाली. "नदीत झिरा हाय. मोकळाच हाय. मी वाटी देते."

ऊन चढलं होतं. रंगुबाई, काकासाहेबांची सख्खी भावजय, हंडा कमरेवर घेऊन पुढं आली. "भावजी, सरका. पोरं तान्हेली हायत घरात."

"वहिनी, तुमी?"

"मग तुमी जाऊन बसा झिऱ्यावर. म्या न्हाई बसायची वाळूत." आणि चांगुणाकडं वळून फणकारली, "तुझं लुगडं घे गं तिकडं, माझा पोहरा अडकंल."

माया नव्हती तिच्या बोलण्यात, कणभरही नाही. मला तेच आवडलं. मायेनं दिलेलं काढून घेता येतं. रंगुबाईनं पोहरा टाकला, तिच्यामागं दुसरीनं टाकला, आणि गोमूत्राची कळशी कुणाच्या तरी पायानं लवंडली.

चांगुणा निघाली. डोक्यावर हंडा, खांद्यावर ओलं लुगडं. काकासाहेबांसमोरून जाताना थांबली.

"उद्याच्याला साखळी आनते. विळा चालतो का बघा."

फुकट काही मिळालं नाही. भिमाजीला गावात पुन्हा कुणी औत धरायला बोलावलं नाही. दुकानदारानं उधारी तोडली. तलाव आला नाही, त्याचं खापरही तिच्याच डोक्यावर. पण साखळी तिनं खरोखर आणली. बैल नव्हता घरी, तेव्हा वेशीजवळ राहणाऱ्या मेहताबबाईच्या दारातली, बैलगाडीची, गंजलेली. मेहताब म्हणाली, "ने, पर आवाज लई करती बघ." चांगुणा म्हणाली, "तेच पायजे."

दगडी काठावर साखळी घासली की खणखणाट गावभर जातो. आडाला लागून पहिलं घर काकासाहेबांचं. चांगुणा पाण्याला जाते पहाटेची, कोंबड्याच्याही आधी, आणि रोज जाते.